हूफडॉर्पची पाटी आणि ब्रेझनेव्हकाका

तमाम मराठी वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प या गावाचं नाव आज सकाळच्या चहापर्यंत हूफडॉर्पच होतं. त्यात कोणताही बदल झालेला नाही, बदलाची लक्षणं दिसत नाहीत, तरी नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ही बातमी तुम्हाला कुठल्याही वर्तमानपत्रात सापडणार नाही, कारण ही बातमी आहे असं अख्ख्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला वाटतं. तो माणूस म्हणजे आमच्या शेजारच्या अनघाचे वडील. काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यातलीच आहे, पण राहतं गाव सकाळी उठल्यावर त्याच नावाचं असेल की नाही याची काळजी करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. आमच्याकडची मराठी मंडळी त्यांना ब्रेझनेव्हकाका म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी तशी हाक मारली तेव्हा काका जरा विचार करून म्हणाले, "चालेल. हे नाव किती दिवस टिकतंय तेवढं बघू."

काका इथे आले ते पाळीवर. आमच्या भागात एखाद्या मराठी घरात बाळ जन्माला आलं, की आजी-आजोबांच्या पाळ्या लागतात. व्हिसा मिळतो तीन महिन्यांचा, त्यामुळे कारखान्यासारखी सगळी आखणी करावी लागते. पहिली पाळी मुलीच्या आईची. ती डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि तिळाचं तेल घेऊन उतरते. दुसरी पाळी अशांची, ज्यांना लाडू वळता येत नाहीत पण बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालता येतात. अनघाच्या आई, नलिनीकाकू, पहिली पाळी उरकून हिवाळ्याच्या शेवटी चिंचवडला परतल्या आणि पाठोपाठ काका उतरले. दोघं एकत्रच का नाही आलात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "घराला कुलूप लावायचं? आणि कुंड्या?" काका उतरले, त्यांची झोप ताळ्यावर आली आणि जग बंद झालं. स्किपोलच्या धावपट्टीवर विमानं अशी ओळीनं लावून ठेवली होती, जशा लग्नघराबाहेर चपला. एरवी डोक्यावरून विमान गेलं की आम्ही बोलता बोलता थांबायचो आणि ते गेल्यावर उरलेलं वाक्य पुरं करायचो. आता वाक्यं सलग पुरी होऊ लागली आणि त्याचीच भीती वाटू लागली. इकडे काका, तिकडे काकू एकट्या, आणि मध्ये एकही विमान नाही.

त्या दिवसांत मी घरूनच काम करत होते, म्हणजे खिडकीतून बाहेर बघत होते. रोज सकाळी काका बाहेर पडायचे. डोक्याला माकडटोपी, त्यावर अनघानं शिवलेला फुलाफुलांचा मास्क, हातात बंद छत्री. आमच्या गल्लीपासून कालव्याच्या कडेनं चालत गेलं की गाव संपतं, आणि जिथे संपतं तिथे गावाच्या नावाची निळी पाटी आहे. काका तिथवर जायचे, पाटीसमोर उभे राहायचे, ती वाचायचे, मग छत्रीच्या दांड्यानं खांबावर दोनदा टकटक करून कान लावायचे आणि परत यायचे. आयुष्यभर पिंपरीच्या एका ट्रकच्या कारखान्यात त्यांनी इन्स्पेक्शन खात्यात काढलं होतं. ठोकून आवाज ऐकल्याशिवाय त्यांचा लोखंडावर विश्वास बसत नसे. एकदा केवळ खोडसाळपणानं मी त्यांच्या मागून गेले. अर्थात दीड मीटर अंतर राखून. पाटीची तपासणी झाली आणि त्यांनी खिशातून फोन काढला. पलीकडून काकूंचा आवाज आला.

"आहे," काका म्हणाले. "हूफडॉर्पच आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. "खाल्लंत का काही?"

एवढंच. मी हसू दाबत झाडामागे उभी. काकांनी मला पाहिलंच. म्हणाले, "मेधाताई, तुम्ही हसताय. पण खालच्या ओळीकडे बघा." हूफडॉर्पच्या खाली बारीक अक्षरांत आमच्या खेमेन्तेचं, म्हणजे नगरपालिकेचं नाव होतं. "दुसरं नाव आधीच लिहून ठेवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे तयारी असणार."

त्यांची काळजी अशी सर्वांगीण होती. व्हिसाचे तीन महिने संपले तेव्हा सरकारनंच कळवलं की विमानं नाहीत तोवर राहा. पण काका रोज जेवायला बसताना जावयाला विचारायचे, "निखिलराव, मी या क्षणी कायदेशीर आहे ना?" निखिल हो म्हणाला की मगच पहिला घास. सुपरमार्केटात एका माणसामागे एक ढकलगाडी असा नियम आला, तर काका गाडी रिकामीच ढकलत आत फिरून यायचे. नियम पाळायची सवय राहावी म्हणून. माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लग्नाआधीचं नाव काय तुमचं?" मी सांगितलं की नाव मी बदललंच नाही, होतं तेच आहे. काकांचा चेहरा असा उजळला, जणू मी एखाद्या मोठ्या दुखण्यातून उठले होते. "उत्तम," म्हणाले. "टिकून आहात." बाळाचं पाळण्यातलं नाव एक आणि कागदावरचं दुसरं हे कळल्यावर मात्र ते अनघावर चिडले. "माणसाला नाव एकच हवं. अडचणीच्या वेळी शोधायला बरं पडतं." माझा नवरा तिथेच होता. घरी आल्यावर तो म्हणाला, "या गृहस्थांना कुणाला तरी दाखवायला हवं." मी विचारलं, कुणाला दाखवायचं? इथला डॉक्टर सगळ्यावर पॅरासिटामॉल देतो.

या सगळ्याचं मूळ रशियात होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, कंपनीनं काकांना तिकडच्या एका ट्रकच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. शहराचं नाव नाबेरेझ्निये चेल्नी. काकांनी ते मला कुंपणापलीकडून एका दमात म्हणून दाखवलं. मी तीन ठिकाणी अडखळले. त्यांनाही सुरुवातीला जमत नव्हतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई त्यांच्याकडून रोज म्हणवून घ्यायच्या, आणि चुकलं की सूप उशिरा वाढायच्या. अखेर थंडी पडू लागली आणि एक दिवस काका ते नाव न अडखळता म्हणाले. बाईंनी आनंदानं दोन वाट्या सूप दिलं. त्याच सुमारास त्या देशाचे सर्वोच्च नेते, ब्रेझनेव्ह, वारले आणि सरकारनं शहराला त्यांचं नाव दिलं. काका सांगतात, "मी नाबेरेझ्निये चेल्नीत झोपलो आणि ब्रेझनेव्हमध्ये उठलो. कॉट तीच, खिडकी तीच. बाहेर नदीसुद्धा तीच." कारखान्याच्या फाटकावर रंगारी शिडी लावून उभा होता. काकांना धक्का बदलाचा नव्हता बसला, सोपेपणाचा बसला. एक शिडी आणि एक डबा रंग.

आता यातली तारेची गोष्ट काका कोणालाही सांगतात. तिच्यावरूनच त्यांना ब्रेझनेव्हकाका हे नाव पडलं. काकांनी घरी तार केली. ती चिंचवडला पोचली तेव्हा वर पाठवणाऱ्या गावाच्या जागी 'ब्रेझनेव्ह' असं होतं आणि खाली मजकूर, 'सर्व ठीक. थंडी फार.' काकांचे वडील, नाना, नियमानं वर्तमानपत्र वाचणारे. त्यांनी नुकतीच अंत्ययात्रेची बातमी फोटोसकट वाचली होती. तार हातात धरून ते बराच वेळ ओट्यावर उभे राहिले. मग काकूंना म्हणाले, "थंडी असणारच. पण आपला पत्ता त्यांना दिला कोणी?"

तारेच्या आधीचा भाग मात्र काका सहसा सांगत नाहीत. मला सांगितला तो पाटीखालीच, पावसाची भुरभुर चालू असताना, तिकडे पुण्यात आजार वाढतोय अशा बातम्या येऊ लागल्या होत्या तेव्हा. आमच्या सगळ्यांचे आईवडील तिकडे होते. फोन वाजला की आम्ही आधी नाव बघायचो आणि मग श्वास घ्यायचो. काका म्हणाले, "तुम्हाला वाटतं मी पाटी माझ्यासाठी बघतो?" त्या वेळी काकूंनी पुण्याला तार ऑफिसात जाऊन ट्रंक कॉल लावला होता. नाबेरेझ्निये चेल्नी, हॉस्टेल नंबर अमुक. नवरा तिकडे गेल्यापासून ते नाव त्यासुद्धा घोकत होत्या. दिवसभर बाकावर बसल्यावर खिडकीतल्या माणसानं सांगितलं, मॉस्को म्हणतंय, या नावाचं गाव नाही. काकूंनी पुन्हा नाव सांगितलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसल्या. "विशीतली पोर ती," काका म्हणाले. "नवरा रशियाला गेला आणि तो जिथे गेला ते गावच नाही. तार पोचेपर्यंत नीट जेवली नाही. नाना हसले, सगळे हसले. ती नाही हसली. तेव्हापासून मी कुठेही गेलो की रोज सांगतो, मी आहे ते गाव आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी रशियाहून आल्या आल्या केली. काकूंचं माहेरचं नाव नलिनी. लग्नात नानांनी सुचवलं म्हणून ताटात तांदूळ पसरून काकांनी अंगठीनं लिहिलं 'सुहासिनी'. तसाच रिवाज होता. कुणी काही म्हटलं नाही. परत आल्यावर काकांनी दारातच जाहीर केलं, "मी हिला नलिनी म्हणणार." "तो रंगारी निदान शिडीवर तरी चढला होता," ते मला म्हणाले. "मी पाटावर बसल्या बसल्या एका मुलीचं नाव पुसलं." तेव्हापासून त्यांच्या तोंडून दुसरं नाव कधी निघालं नाही. अनघाच्या मैत्रिणी, सोसायटी, इथले आम्ही, सगळ्यांना ठाऊक नलिनीकाकू. कागदोपत्री मात्र नाना असेपर्यंत बदल करणं बरं दिसलं नसतं, आणि नाना गेल्यावर ते राहून गेलं. त्या शहरालाही पुढे त्याचं जुनं नाव परत मिळालं. "पण आम्ही त्यांच्या आधी," काका म्हणाले, आणि चाळीस वर्षांत केलेली ती एकमेव बढाई असावी अशा आवाजात म्हणाले.

गणपतीच्या आधीची एक सकाळ. अनघा आणि निखिल बाळाला लस द्यायला घेऊन गेले होते. मी मागच्या बागेत कपडे वाळत घालत होते, आणि कुंपणापाशी काका आले. टोपी नाही, मास्क नाही, छत्री नाही. चिंचवडहून खालच्या मजल्यावरच्या देशपांड्यांचा फोन आला होता. काकूंना चार दिवस ताप होता. रोज फोनवर त्या "घसा बसलाय" म्हणत होत्या. पहाटे दम लागला. देशपांड्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पण त्यांच्याच घरात आजार, त्यामुळे सोबत कुणी जाऊ शकलं नाही. पहिल्या हॉस्पिटलात जागा नव्हती, तिथून दुसरीकडे नेलं, कुठे ते कळलं नाही. काकूंचा फोन लागत नव्हता. "अनघाला आत्ता नको सांगायला," काका म्हणाले. "गाडीत बाळ आहे." मी त्यांना आमच्या बागेतल्या खुर्चीवर बसवलं, देशपांड्यांकडून तीन हॉस्पिटलांचे नंबर घेतले, आणि काकांनी फोन लावायला सुरुवात केली. आवाज आम्हा दोघांना ऐकू यावा म्हणून फोन बागेच्या टेबलावर ठेवला.

पहिल्या ठिकाणी कितीतरी वेळानं कुणीतरी उचललं. काकांनी आडनाव सांगितलं, वय सांगितलं, नलिनी सांगितलं. नाही. दुसऱ्या ठिकाणी, नाही. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी होती, दमलेली पण बोलायला बरी. "नलिनी नावाचं कोणी नाही ओ काका आमच्याकडं. पुन्हा बघते… नाही. ह्या नावाचं पेशंटच नाही."

काकांनी फोन ठेवला नाही. इतक्या दिवसांत मी त्यांना सतत काळजीत पाहिलं होतं, आणि मला वाटायचं की हा माणूस असाच घडलेला आहे. त्या खुर्चीवर जे बसलं होतं ते वेगळंच होतं. मला एकदम तो तार ऑफिसातला बाक दिसला. मी म्हटलं, "काका, तिकडे आधार कार्ड बघून नाव लिहिलं असणार. कार्डावर काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. ते विसरले नव्हते. पण चाळीस वर्षं ज्या नावानं हाक मारायची नाही असं ठरवलं, ते नाव घेऊन आपलं माणूस शोधायचं हे त्यांच्या जिभेवर येईना. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, आहात का? मला दुसरे फोन आहेत."

"सुहासिनी," काका म्हणाले. "सुहासिनी बघा."

कळफलकाचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आहेत. आहेत की. तीन नंबरच्या वॉर्डात. ऑक्सिजन लावलाय, पण बोलतायत. थांबा, वरच्या सिस्टरला देते." काकांनी "आहेत" हा शब्द स्वतःशीच दोनदा म्हणून बघितला, जणू खांबावर टकटक करून आवाज ऐकत होते. माझ्या हातातला चिमटा तुटला तो मला नंतर दिसला. बरीच खडखड झाली, पावलं ऐकू आली, सिस्टर म्हणाली, "मावशी, घरनं फोन आहे, लवकर बोला." मग हवेचा फुसफुस आवाज.

काका अजून त्याच नावात अडकले होते. म्हणाले, "सुहासिनी?"

पलीकडून खोल गेलेला, पण शाबूत आवाज: "कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण? आमच्याकडे मला असं कोणी म्हणत नाही."

"नलू," काका म्हणाले.

"हां." धाप आवरत त्या म्हणाल्या, "आज पाटी बघितलीत?"

काका उठून उभे राहिले. "नाही अजून. आत्ता जातो."

आणि गेले. घरच्या सपातांवर, उघड्या डोक्यानं, कालव्याच्या कडेनं. मी त्यांच्या मागून मास्क घेऊन पळत होते. बदकं आम्हा दोघांकडे बघत होती. पाटीपाशी पोचेपर्यंत सिस्टरनं फोन केव्हाच काढून घेतला होता. काकांनी तरीही त्या दमलेल्या मुलीला पुन्हा फोन लावला आणि निरोप दिला, "तीन नंबरला सांगा, आहे म्हणावं." तिनं काहीही न विचारता सांगते म्हटलं. पुढे काकू घरी येईपर्यंत रोज सकाळी तिनं हा निरोप पोचवला. तिला काय वाटत असेल देव जाणे.

काकू बऱ्या होऊन घरी आल्या आणि काकांना एका विशेष विमानात जागा मिळाली. निघताना त्यांनी मला पाटीपाशी नेलं. दुसरी पाळी संपली होती. "मेधाताई, चार्ज घ्या," म्हणाले. अनघाला वेळ नाही, बाळ लहान आहे, आणि लेक-नात राहतात त्या गावावर कुणाचं तरी लक्ष हवं. मी छाती पुढे काढून चार्ज घेतला. तेव्हापासून रोज सकाळी मी तिथवर चालत जाते आणि 'आहे' असा मेसेज करते. चिंचवडहून उत्तर येतं, 'आभारी. इकडेही चिंचवडच आहे. नलिनी कुंड्यांना पाणी घालते आहे.' ते उत्तर यायला उशीर झाला तर माझं कामात लक्ष लागत नाही.

माझा नवरा या प्रकाराला हसायचा. हिवाळाभर हसला. पुढच्या वसंतात, संचारबंदीच्या दिवसांतल्या एका धुकट सकाळी, पाय मोकळे करायला म्हणून तो माझ्याबरोबर आला. कालव्यापलीकडे नवी घरं बांधायला काढली होती, गावाची हद्द पुढे सरकली होती, आणि खेमेन्तेनं पाटी उचलून नव्या घरांच्या पलीकडे नेऊन रोवली होती. पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा खांबाच्या जागी ताज्या वाळूनं बुजवलेला खड्डा होता, त्यावर एक बदक बसलं होतं, आणि बाकी नुसतं धुकं. मी खिशातून फोन काढला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. माझा नवरा, ज्यानं काकांना कुणाला तरी दाखवायला हवं म्हटलं होतं, तो त्या खड्ड्याभोवती एक चक्कर मारून आला, धुक्यात इकडेतिकडे बघितलं, आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "मेधा, आता काकांना काय सांगायचं?"